दहावीचे वर्ष घरी : राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या अभ्यासक्रमाचा आमचा अनुभव

आमच्या मुलीने दहावी शाळेत न जाता, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत, म्हणजे सगळे जिला 'एनआयओएस' म्हणून ओळखतात तिच्यामार्फत, घरी राहून पूर्ण केली. हौस म्हणून किंवा शाळेवर रुसून हा मार्ग धरलेला नव्हता. नववीत असताना तिला बालवयातील सांधेवाताचे निदान झाले. या आजारात सकाळी सांधे आखडलेले असतात. उठल्यावर तास-दीड तास तिची मूठ वळत नसे आणि शाळा तर सकाळी सव्वासातला भरत असे. नववी कशीबशी पार पडली. जून २०२३ मध्ये दहावीचे वर्ग सुरू झाले, तेव्हा पुढचे वर्ष असेच रेटणे शक्य नाही हे आम्हाला, तिला आणि तिच्या डॉक्टरांना एकाच वेळी उमगले. अशाच वळणावर उभ्या असलेल्या पालकांना उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

महाराष्ट्रात अशा वेळी ओळखीचा प्रत्येक माणूस पहिल्यांदा 'सतरा नंबरचा फॉर्म भरा' असेच सांगतो. राज्य मंडळाच्या परीक्षेला खासगी विद्यार्थी म्हणून बसण्याचा तो राजमार्ग आहे आणि अनेकांसाठी तो योग्यही आहे. पण त्यात शाळा सुटते तरी परीक्षा तीच राहते : तीन भाषा, गणिताचे दोन भाग, विज्ञानाचे दोन भाग, इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल असे नऊ पेपर, तेही २०२४ साली मार्चच्या साधारण साडेतीन आठवड्यांत आणि सकाळी अकरा वाजता, म्हणजे साडेदहालाच वर्गात हजर. ज्या मुलीचे हात दुपारी बारानंतर मोकळे होतात, तिच्यासाठी हे गणित जुळणारे नव्हते. याउलट मुक्त विद्यालयात उत्तीर्ण होण्यास पाच विषय पुरतात, प्रत्येकाचा लेखी पेपर एकच असतो, परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा होते आणि बहुतेक पेपर दुपारी अडीच वाजता सुरू होतात. खरे सांगायचे तर आमचा निर्णय या शेवटच्या ओळीने झाला. शिक्षणविषयक थोर विचार नंतर आले.

संस्थेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण 'हे दहावीचे प्रमाणपत्र चालते का?' हा प्रश्न आम्हाला नातेवाइकांनी वर्षभर विचारला. १९७९ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा एक प्रकल्प म्हणून हे काम सुरू झाले, १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि २००२ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. ती केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील स्वायत्त संस्था आहे, तिचे मुख्यालय नोएडा येथे आहे आणि तिचे प्रमाणपत्र इतर मंडळांच्या प्रमाणपत्राइतकेच ग्राह्य धरले जाते. पुण्याचे विभागीय केंद्र कोथरूडला जे. पी. नाईक रस्त्यावर आहे. देशाच्या शिक्षणाची दिशा ठरवणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव असलेल्या आणि औपचारिक शाळेबाहेरच्या शिक्षणासाठी आयुष्यभर झटलेल्या माणसाच्या नावाच्या रस्त्यावर मुक्त विद्यालयाचे कार्यालय असावे, हा योग मला फार आवडला.

माध्यमिक स्तरासाठी वयाची किमान अट १४ वर्षांची आहे. नोंदणी ऑनलाइन होते आणि ती पाच वर्षे टिकते. या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि एकदा उत्तीर्ण झालेला विषय जमेस धरला जातो. विषयांची निवड हा या अभ्यासक्रमाचा सर्वात आनंददायक भाग आहे. किमान एक आणि कमाल दोन भाषा घ्याव्या लागतात, बाकीचे विषय आपल्या मर्जीचे. मुलगी सेमी इंग्रजीत शिकलेली असल्याने आम्ही इंग्रजी माध्यम ठेवले आणि मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान व मानसशास्त्र हे पाच विषय निवडले. दहावीला मानसशास्त्र घेता येते हे कळल्यावर आजारपणात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर उत्सुकता दिसली. अर्ज भरताना एक चूक आमच्याच हातून झाली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव आधी आणि आधार कार्डावर आडनाव शेवटी, ही महाराष्ट्रातील घरोघरची तऱ्हा. आम्ही घाईत अर्जात तिसरीच रचना लिहिली आणि मग दुरुस्तीसाठी हेलपाटे घातले. नाव कसे लिहायचे हे कागदांचा ढीग समोर ठेवून आधी ठरवावे आणि मगच अर्जाला हात घालावा.

पुस्तके टपालाने येतात आणि संकेतस्थळावरही ती विनामूल्य उपलब्ध आहेत. पहिल्यांदा गठ्ठा उघडला तेव्हा छाती दडपली, कारण राज्य मंडळाच्या सडपातळ पाठ्यपुस्तकांची सवय असलेल्या घरात ही पुस्तके ऐसपैस वाटतात. मात्र ती शिक्षक समोर नाही हे गृहीत धरून लिहिलेली आहेत, आणि हा फरक आठवडाभरात जाणवतो. प्रत्येक पाठाच्या सुरुवातीला काय शिकणार ते सांगितलेले असते, दर काही पानांनंतर छोटे प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरे पाठाच्या शेवटी दिलेली असतात, त्यामुळे मुलाला आपले आपण तपासून पुढे जाता येते. आमच्या घरी एक नियम झाला : पाठातील प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक चुकले तर त्या दिवशी पुढचे पान उलटायचे नाही. विज्ञानातील विद्युतधारेच्या पाठावर ती अशी सलग चार दिवस अडली होती. शाळेत असती तर वर्ग पुढे गेला असता आणि तो पाठ तसाच अर्धवट राहिला असता. इथे पाचव्या दिवशी तो समजला, आणि पाच दिवस गेले याचा हिशेब विचारणारे कोणी नव्हते. गणिताची भाषा मात्र काही ठिकाणी रुक्ष आहे आणि सोडवून दाखवलेली उदाहरणे अजून असती तर बरे झाले असते, असे तिच्या बाबांचे मत आहे. मी त्यात भर घालणार नाही, कारण गणित त्यांच्या वाट्याला होते.

गणितालाही १५ गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते, ही अनेकांना नवी वाटणारी गोष्ट. पुठ्ठ्याचे चौरस आणि आयत कापून दोन पदांच्या बेरजेच्या वर्गाचे सूत्र पडताळायचे, कागद दुमडून त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दाखवायची, अशा कृती त्यात आहेत. कात्री धरणे हा आमच्याकडे मोठाच प्रश्न होता. तो तिने स्वयंपाकघरातील भाजी कापायची जाड मुठीची कात्री वापरून सोडवला. त्या निळ्या-पिवळ्या पुठ्ठ्याचे तुकडे जेवणाच्या टेबलावर दोन दिवस पसरलेले होते आणि तिची आजी, जिने सातवीनंतर पुस्तक उघडले नव्हते, ते जुळवत बसली होती. सूत्र तिला आधी समजले, नातीला नंतर.

शिक्षकांनी तपासायचे स्वाध्याय हा दुसरा महत्त्वाचा भाग. त्यांना २० टक्के भारांश आहे. शिवाय अभ्यासक्रमाची आता विभागणी केलेली असून साधारण ४० टक्के भाग केवळ या स्वाध्यायांसाठी आणि उरलेला ६० टक्के भाग लेखी परीक्षेसाठी राखलेला आहे. ही विभागणी विषयवार छापलेली असते. ती पहिल्याच दिवशी मिळवून पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवर खुणा कराव्यात. आम्हाला हे ऑगस्टअखेर कळले आणि तोवर तिने मानसशास्त्राचे दोन पाठ परीक्षेच्या ताणाने विनाकारण घोकले होते. स्वाध्याय हाताने लिहून, त्यांची पाने मोबाइलवर टिपून, एकत्र फाइल करून चढवायची असतात. हे वाचायला सोपे आहे. प्रत्यक्षात मराठीच्या स्वाध्यायाची तीन पाने आडवी गेली आणि एका पानावर माझ्या अंगठ्याची सावली पडली. अखेरच्या मुदतीच्या रात्री साडेदहाला खिडकीत दिवा धरून आम्ही ती पुन्हा टिपली.

आता तक्रारीची बाजू. प्रत्येक विद्यार्थ्याला एक अभ्यासकेंद्र मिळते, बहुधा ती एखादी चालू शाळाच असते, आणि तेथे सुटीच्या दिवशी संपर्कवर्ग व पुढे प्रात्यक्षिके व्हावीत अशी योजना आहे. योजना चांगली आहे. आमच्या वाट्याला आलेल्या केंद्राने तिचे काय केले हे सांगताना मात्र हात आखडता घेण्याचे कारण नाही. संपर्कवर्गांचे वेळापत्रक फलकावर होते, वर्ग चार वेळाच भरले. पहिल्या वर्गाला तीन मुले होती आणि शिक्षकांनी तासभर उत्तरे सांगून लिहून घेतली, जी माझ्या मुलीच्या बोटांच्या दृष्टीने सर्वात निरुपयोगी पद्धत होती. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाआधी प्रयोगशाळा पाहू द्यावी म्हणून आम्ही दोनदा पंधरा किलोमीटर गेलो आणि दोन्ही वेळा किल्ली असलेले कर्मचारी रजेवर होते. 'मुक्तवाले' हा शब्द तिथे ज्या सुरात उच्चारला जाई, तो सूर पंधरा वर्षांच्या मुलीला बरोबर ऐकू येतो. केंद्र निवडताना घरापासूनचे अंतर पाहू नये, तर आधी तिथे शिकलेल्या एखाद्या मुलाच्या पालकांशी बोलावे, हे आम्ही या अनुभवाने शिकलो. 'दहावी हमखास पास' असे फलक लावून मुक्त विद्यालयाचे अर्ज भरून देणाऱ्या दुकानदारांपासून तर चार हात दूरच राहावे. अर्ज संकेतस्थळावर स्वतः भरता येतो.

केंद्र नाममात्र ठरले की घर हेच विद्यालय होते, आणि ही या सेवेची खरी अट आहे, जी कोणत्याही माहितीपत्रकात ठळकपणे वाचायला मिळत नाही. संस्था पुस्तके देते, परीक्षा घेते, मोकळीक देते. रोज सकाळी मुलाला टेबलाशी कोणी बसवायचे, हा प्रश्न ती तुमच्यावर सोपवते. पहिले दोन महिने आम्ही घरात शाळेची नक्कल केली, पस्तीस मिनिटांच्या तासिका आखल्या आणि त्या रोज मोडल्या. मग वेळापत्रक आजारालाच आखू दिले. रविवारी रात्री तिची आठवड्याची गोळी असे आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर मळमळ, म्हणून आमची साप्ताहिक सुटी सोमवारी गेली. सकाळी शेक, व्यायाम आणि ऐकण्याचा अभ्यास, साडेअकरानंतर लेखन, संध्याकाळी बाबा आले की गणित. मी घरून हिशेबाचे काम करते, म्हणून हे जमले. दोघेही पालक दिवसभर बाहेर असतील आणि घरात दुसरे मोठे माणूस नसेल, तर हा मार्ग घेण्याआधी दहादा विचार करावा असे मी स्पष्टपणे म्हणेन.

एकटेपणावर या अभ्यासक्रमात काही उपाय नाही, आणि तो असण्याची अपेक्षाही चूक आहे. तिच्या मैत्रिणी सुरुवातीला दर शनिवारी येत. डिसेंबरनंतर त्यांच्या सराव परीक्षा सुरू झाल्या आणि येणे थांबले. जानेवारीचा महिना सर्वात वाईट गेला. तेव्हा तिने चौदा दिवस एकही पुस्तक उघडले नाही आणि आम्ही उघडायला सांगितले नाही. या निर्णयावर घरात मतभेद झाले, पण नऊ संधींची सोय ज्या कारणासाठी असते ते कारण आमच्यापुढे उभे होते.

एप्रिल २०२४ च्या परीक्षेत तिने पाचपैकी तीनच विषय दिले : मराठी, इंग्रजी आणि मानसशास्त्र. पेपर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून मेच्या उत्तरार्धापर्यंत पसरलेले असल्याने दोन पेपरांमध्ये हातांना विश्रांती मिळाली. गणित आणि विज्ञान तिने ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सत्रात दिले आणि दोन्ही सुटले. गुणांचा आकडा लिहीत नाही, कारण तो तिच्या वर्गमैत्रिणींच्या आकड्यांशेजारी ठेवण्याची सवय आम्ही मोठ्या कष्टाने सोडली आहे. मात्र या मोकळिकीची किंमत मोजावी लागली. ऑक्टोबरच्या सत्रात दहावी पूर्ण झाल्यामुळे अकरावीचा प्रवेश त्या वर्षी हुकला आणि ती मैत्रिणींच्या एक वर्ष मागे राहिली. ज्यांना त्याच वर्षी अकरावीला जायचेच आहे, त्यांनी पाचही विषय एप्रिलमध्ये द्यावेत आणि निकाल राज्य मंडळाच्या निकालानंतर, साधारण जूनमध्ये लागतो हेही ध्यानात ठेवावे.

खर्च हा या निवडीतला सर्वात हलका भाग. नोंदणी आणि परीक्षा शुल्क मिळून सर्व काही मोजक्या हजारांत आटोपले. त्याहून जास्त पैसे आम्ही जाड पेन, उतरते लेखन-फलक आणि पाठीला आधार देणारी खुर्ची यांवर खर्च केले.

२०२५ मध्ये अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रथमच राज्यभर झाले, तेव्हा आमच्या साताऱ्यातूनही तिने अर्ज भरला आणि कला शाखेत प्रवेश घेतला. महाविद्यालय दुपारच्या सत्राचे आहे. बाहेर पडताना मुक्त विद्यालयाकडून गुणपत्रिकेबरोबर स्थलांतर प्रमाणपत्र मिळते, ते जपून ठेवावे, कारण प्रवेशाच्या वेळी पहिली मागणी त्याचीच झाली. गणित आणि विज्ञानाची पुस्तके आम्ही पलीकडच्या गल्लीतल्या एका मुलाला दिली. त्याला क्रिकेटच्या सरावामुळे हाच मार्ग धरायचा आहे. मानसशास्त्राचे पुस्तक मात्र तिने द्यायला नकार दिला.