लिंक्डइनवरचा दुबईचा बायर आणि टॉवेलची ऑर्डर

टॉवेलच्या धंद्यातल्यांनी, विशेषतः सोलापूरच्या अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतल्यांनी, हे वाचाच. ज्यानं मला गंडवलं तो तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या कनेक्शनमध्ये आजही असू शकतो.

रिक्वेस्ट आली तेव्हा सूटबुटातला फोटो, खाली ‘पर्चेस मॅनेजर’, दुबईतल्या एका हॉटेल समूहाचं नाव. पण त्याहून भारी गोष्ट म्हणजे समाईक ओळखी. कोणी डाइंगवाला, कोणी सुताचा व्यापारी, कोणी यंत्रमागवाला, बहुतेक सगळे सोलापूरचेच. नंतर त्यातल्या काहींना फोन लावले. सगळ्यांचं उत्तर तेच: “बाकीचे आपलेच दिसले की ओ, म्हणून घेतलं.” भेटलेला एकही नव्हता.

पठ्ठ्यानं घाई अजिबात केली नाही. आमच्या पोस्टना लाइक, दिवाळीला शुभेच्छा. मग मेसेज आला: 70 बाय 140 सेंटिमीटरचा बाथ टॉवेल, 500 जीएसएम (चौरस मीटरला 500 ग्रॅम वजन), पांढरा, डॉबी बॉर्डर (मागावरच विणलेली नक्षीची किनार). वर विचारतो, सूत एकपदरी की दुपदरी? धुतल्यावर किती आटतो? असं विचारणारा माणूस खोटा वाटत नाही. आता कळतंय, ही सगळी माहिती आपल्याच पोस्टांखाली पडलेली असते. दराची घासाघीसही त्यानं व्यवस्थित केली. ती केली नसती तर कदाचित संशय आला असता!

सॅम्पल ‘पास’ झालं आणि व्हेंडर रजिस्ट्रेशनचे 18,500 रुपये मागितले, पहिल्या बिलात परत मिळणार म्हणून. मी भरले. पाठोपाठ ओईको-टेक्स सर्टिफिकेटचे (कापडात घातक रसायनं नाहीत याचं प्रमाणपत्र) 42,000, ‘आमच्या भारतातल्या एजंटकडे भरा’. तेही भरले. खातं एका व्यक्तीचं, सेव्हिंगचं. जीएसटी बिल मागितलं तर ‘उद्या पाठवतो’. तो उद्या काही उजाडला नाही.

ते सर्टिफिकेट बायरचा एजंट काढून देत नसतो. कारखान्यानं ओईको-टेक्सच्या मान्यताप्राप्त संस्थेकडे स्वतः अर्ज करायचा, माल तपासायला द्यायचा, फी थेट त्या संस्थेला भरायची. मिळालेला नंबर ओईको-टेक्सच्या वेबसाइटवर कुणालाही तपासता येतो. मला पाठवलेला नंबर तिथे निघालाच नाही.

मग ईमेल निरखून पाहिला. हॉटेलच्या नावातल्या इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारीशेजारी टाकले होते. मोबाइलवर फरक कळतच नाही. हॉटेलच्या खऱ्या वेबसाइटवरचा नंबर फिरवला. त्या नावाचा माणूस त्यांच्याकडे नाही.

लिंक्डइनवर प्रोफाइलच्या तीन टिंबांवर दाबलं की ‘अबाउट धिस प्रोफाइल’ येतं. खातं कधी उघडलं, काही पडताळणी झाली आहे का, ते तिथे दिसतं. पंधरा वर्षांचा अनुभव लिहिणाऱ्या या साहेबांचं खातं त्याच वर्षीचं होतं आणि पडताळणी शून्य.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. यूटीआर नंबर, म्हणजे बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक, हाताशी ठेवा, तो पहिल्यांदा विचारतात. चॅटचे स्क्रीनशॉट आधी काढा आणि प्रोफाइल नंतर रिपोर्ट करा. माझ्यासमोरच ते गायब झालं. दुसऱ्या हप्त्यातली थोडी रक्कम समोरच्या खात्यात गोठवली गेली आहे, ती अजून हातात आलेली नाही. पहिला हप्ता पुढच्या खात्यांत फिरून केव्हाच निघून गेला होता.

गेल्या आठवड्यात तसाच मसुदा, तीच डॉबी बॉर्डर, ओळखीच्या एका चादरवाल्याकडे आली. या वेळी देश कतार आहे.