टाकी रिकामी, काटा 'फुल्ल': ११,७५० रुपयांना असा गंडलो

सांगायलाही लाज वाटते, कारण मी पंपसेटच्या मोटरी बांधून पोट भरतो. ओहम म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. तरी जुन्या डिझेल जीपचा मीटर बदलताना निपाणीच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीपलीकडं महाराष्ट्रातल्या एका गॅरेजवाल्यानं माझ्याकडून ११,७५० रुपये काढले. मीटर असेंब्ली ५,८००, मजुरी १,५००, 'सेटिंग' १,८०० आणि 'टाकीचा फ्लोट (डिझेलवर तरंगून पातळी सांगणारा भाग) गेलाय' म्हणून २,६५०. पक्कं बिल नाही, वहीच्या पानावर पेन्सिलीनं आकडे.

मीटर 'सेम टु सेम' म्हणून दिला. केबल बसली, दिवे लागले, चेहराही तसाच. मागचा सॉकेट मात्र वेगळा होता. तो कापून वायरी पिळून वर काळी टेप मारली होती. सॉकेट कापावा लागला की समजा, माल तुमच्या गाडीचा नव्हे.

पण खरी चूक त्याच्या पुढची. येताना मीच तीनशेचं डिझेल टाकलेलं, म्हणजे टाकीत तळाशी तीन-चार लिटर. चावी फिरवली तसा काटा 'एफ'च्याही पलीकडं जाऊन टेकला. "दाजी, टाकी फुल्ल हाय की!" म्हणून तो हसला, आणि मीही हसलो! नवा काटा आहे, चार दिवसांत सेट होतो, असं त्यानं सांगितलं आणि मी ऐकलं. काटा म्हणजे काय नवी चप्पल आहे, पायाला सेट व्हायला? माझी बाजू एवढीच की तो वायरी मोजून, मल्टिमीटर लावून बोलत होता. हातात मीटर असलेल्या माणसाचं आपण चटकन खरं धरतो.

आता भानगड काय ते नीट सांगतो. टाकीतल्या फ्लोटच्या दांड्याला एक रेझिस्टन्स, म्हणजे वीज अडवणारा भाग जोडलेला असतो, तो ओहममध्ये मोजतात. माझ्या गाडीत फ्लोट खाली असताना २३६ ओहम आणि वर असताना ३५. ही अमेरिकन धर्तीची जात, छापील आकडे २४० ते ३३. दुसऱ्या, व्हीडीओ (VDO) कंपनीच्या जातीत उलटं: रिकामी १०, भरलेली १८०. माझा फ्लोट पहिल्या जातीचा, मला विकलेला मीटर दुसऱ्या जातीचा. म्हणून डिझेल संपत आलं की काटा वर, टाकी भरली की काटा खाली. गंमत म्हणजे टाकी निम्मी असताना दोन्ही जातींचे ओहम शंभराच्या आसपास येतात आणि काटा जवळपास बरोबर दाखवतो. त्यामुळं निम्म्या टाकीवर 'बघा, करेक्ट' म्हणून दाखवणाऱ्याला आधी टाकी फुल्ल करून दाखव म्हणा.

'सेटिंग'चे १,८०० कशाचे? टेप सोडून बघितली तर फ्लोटच्या वायरीपासून गाडीच्या बॉडीला जोडलेला एक रेझिस्टर, तपकिरी-काळा-तपकिरी पट्ट्यांचा. शंभर ओहम, दुकानात दोन रुपयांना. २३६ला समांतर शंभर लावले की होतात ७०, म्हणून रिकाम्या टाकीचा काटा 'एफ'वरून निम्म्याखाली उतरला. हेच त्यानं 'उतरला बघा' म्हणून दाखवलं. भरल्या टाकीला ३५चे होतात २६, काटा आणखी खाली. उलटं ते उलटंच, फक्त आखूड झालं. साधा रेझिस्टर एकसर लावा नाहीतर समांतर, दिशा कधीच फिरत नाही. मीटरच्या वायरी अदलाबदल करूनही फिरत नाही.

आणि २,६५०चा 'नवा' फ्लोट? रॉकेलनं धुतलेला माझाच जुना. टाकीला बसणाऱ्या चकतीवर, फ्लँजवर, एमसीलचा डाग जसाच्या तसा.

तपासणी पाच मिनिटांची आहे. टाकीवरची फ्लोटची वायर काढा, चावी ऑन करा. काटा 'ई'वर गेला तर मीटर पहिल्या जातीचा, 'एफ'वर गेला तर दुसऱ्या. मग ३३ ओहमचा पाच वॅटचा रेझिस्टर वायर आणि बॉडीच्या मध्ये धरा, काटा उलट बाजूला पळाला पाहिजे. वायर थेट बॉडीला धरून ठेवू नका, जुने मीटर जळतात. जुना बायमेटलचा (तापून वाकणाऱ्या पट्टीचा) काटा सावकाश सरकतो, थोडं थांबा. फ्लोट बाहेर काढायचा तर आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडा. पेट्रोल गाडी असेल तर वाफेजवळ बल्ब, बिडी काही नको.

इलाज दोनच सरळ: मीटरच्या जातीचा फ्लोट टाकीच्या खोलीएवढा बघून घ्या, नाहीतर फ्लोटच्या जातीचा काटा बसवा. मी भंगारातून तसला काटा ४०० रुपयांना आणला. मागं तीन नट: चावीची वायर, फ्लोटची वायर, बॉडी. बॉडीच्या जागेचा रंग खरवडला नाही तर काटा पुन्हा खोटं बोलतो.

टेंपरेचरचा काटाही ह्याच तऱ्हेनं फसवतो, आणि तिथं इंजिन जातं. तोही तपासा. टाकी कोरडी पडलीच तर नुसतं डिझेल ओतून भागत नाही. फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारावा लागतो. लोंढ्याच्या रस्त्याला, रात्री, मोबाईलच्या उजेडात.

मग तक्रार. इकडच्या, कर्नाटकातल्या ठाण्यात म्हणाले, गॅरेज महाराष्ट्रात, तिकडं जावा. आणि अर्ज मराठीत कशाला, कन्नडमध्ये आणा. पैसे देऊन कन्नडमध्ये लिहून घेतला, तर साहेब नव्हते. तिकडच्या ठाण्यात म्हणाले, गाडी केए-२२ म्हणजे बेळगावची, पैसे बेळगावातून फोनवरून दिलेत, तिकडंच द्या. वर 'हे सिव्हिल मॅटर' म्हणून चहा मागवला, स्वतःसाठी. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घेता येतो म्हटलं, तर "तुम्ही वकील काय वो?" १९५६ पासून ह्या हद्दीवर दोन राज्यं भांडताहेत. माझ्या ११,७५०च्या वेळी मात्र दोघांचं एकमत झालं: ही आमची हद्द नव्हे.

ज्यानं त्यानं एवढं ध्यानात ठेवावं: २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणं आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, गॅरेज कुठंही असो. मुदत दोन वर्षं, दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे यूपीआयनंच द्या, ओडोमीटरचा फोटो आधी आणि नंतर काढा. माझ्या गाडीचे १,८४,००० किलोमीटर होते, नव्या मीटरवर ६१,००० दिसतात. उद्या विकताना चोर मीच ठरणार.

आयोगात कागद दिले: यूपीआयच्या पावत्या, पेन्सिलीची चिठ्ठी, प्लास्टिकच्या पुडीत तो दोन रुपयांचा रेझिस्टर. टेबलावरच्या बाईंनी सगळं उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "जुना मीटर कुठाय?"

तो गॅरेजवाल्याकडं. 'भंगारात गेला' म्हणाला होता, आणि मी मागितलाही नव्हता.