रॉकबॉक्सवाला जुना आयपॉड आणि लिनक्स मिंट: पावसाळाभर वापरून झाल्यावर

रॉकबॉक्स म्हणजे म्युझिक प्लेअरवर कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी चालवायचं वेगळं सॉफ्टवेअर, आणि मिंट म्हणजे विंडोजच्या जागी लॅपटॉपवर टाकायचं लिनक्स. आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचं नाही ते सुटले. तुमची गाणी म्हणजे फोनवरचं सबस्क्रिप्शन असेल तर या भानगडीत पडू नका, उगाच खर्च आणि डोक्याला ताप. पण ज्यांच्याकडे रिप केलेल्या सीड्या, कॅसेटवरून उतरवलेल्या मैफिली, क्लासची रेकॉर्डिंगं असा पसारा हार्डडिस्कवर पडलाय आणि त्यातलं निम्मं कुठल्याच ॲपवर मिळत नाही, त्यांच्यासाठी याच्याइतकं कामाचं यंत्र मला तरी अजून सापडलेलं नाही.

माझा आयपॉड म्हणजे पाचव्या पिढीचा व्हिडिओ, त्यातलाही सप्टेंबर २००६ मध्ये आलेला सुधारित, ज्याला सगळे साडेपाचवी पिढी म्हणतात तो, जाड पाठीचा ८० जीबीवाला. ३० जीबीचा पातळही चालतो पण त्यात रॅम ३२ एमबी आणि यात ६४, मोठं कलेक्शन असेल तर जाडाच घ्या. आतली फिरती हार्डडिस्क काढून अडॅप्टरवर मेमरी कार्ड बसवून घेतलं, त्यामुळे वजन कमी झालं, डिस्क फिरायला लागल्यावरची ती कुरकुर गेली आणि बॅटरीही जास्त चालायला लागली. वुल्फसनच्या ऑडिओ चिपसाठी लोक हे मॉडेल मुद्दाम शोधतात. फरक ऐकू येतो का? चांगला आवाज आहे एवढंच म्हणेन, जादूबिदू काही नाही, इयरफोन बदलल्यावर जेवढा फरक पडतो त्याच्या पावपटसुद्धा नाही.

खरी गंमत रॉकबॉक्सची. ॲपलच्या मूळ फर्मवेअरवर (म्हणजे आयपॉडच्या आतल्या सॉफ्टवेअरवर) फ्लॅक, म्हणजे दर्जा न घटवता साठवलेली गाणी, वाजत नाहीत आणि गाणी भरायची तर अधिकृतपणे आयट्यून्स लागतं, जे लिनक्सवर कधी आलंच नाही. रॉकबॉक्स टाकलं की दोन्ही प्रश्न मिटतात. २००१ मध्ये काही स्वीडिश मंडळींनी आर्कोसच्या प्लेअरसाठी हे सुरू केलं (त्यातलाच एक डॅनियल स्टेनबर्ग, इंटरनेटवरून डेटा आणणारं कर्ल हे टूल लिहिणारा), आणि आयपॉड बनायचा बंद होऊनही हे जिवंत आहे, २०२५ मध्ये त्याची ४.० आवृत्ती आली. मूळ फर्मवेअर जात नाही, चालू करताना होल्डचं बटण सरकवलं की जुना आयपॉड जसाच्या तसा उघडतो.

एक तांत्रिक गोष्ट आधीच माहीत असू द्या. मॅकवर फॉरमॅट केलेल्या आयपॉडची डिस्क एचएफएस प्लस या मॅकच्या फॉरमॅटमध्ये असते आणि रॉकबॉक्सला लागतो विंडोजवाला फॅट३२. माझा नेमका मॅकवाला निघाला, मग मित्राच्या विंडोजवर रिस्टोर करून घेतला आणि पुढचं सगळं रॉकबॉक्स युटिलिटीने मिंटवरूनच केलं.

आता वापर. शास्त्रीय ऐकणाऱ्यांना माहितीये की आर्टिस्ट-अल्बम-गाणं ही उतरंड आपल्या कामाची नाही, मला संध्याकाळी यमन ऐकायचा असतो, कोणाचा ते नंतर ठरतं. रॉकबॉक्समध्ये सरळ फोल्डर उघडता येतात, म्हणून रागाच्या नावाचे फोल्डर, आत गायक, संपलं. त्याच्यापुढे जायचं असेल तर डेटाबेसचा मेनू एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिता येतो, मी किड३ मध्ये (गाण्याच्या फाइलमधली माहिती बदलायचं ॲप) ग्रुपिंगच्या टॅगमध्ये राग भरला आणि मेनूत त्याची एक ओळ घातली, आता राग निवडला की किशोरीताई, भीमसेनजी, मल्लिकार्जुन मन्सूर एकाखाली एक येतात. गॅपलेसही चोख आहे, सीडीवर विलंबित आणि द्रुत वेगळे ट्रॅक केलेले असतात तिथे मध्ये खटका बसत नाही, तानपुरा अखंड वाजत राहतो. आणि आपोआप बुकमार्क! दीड तासाची मैफल ऐकताना ठाणं आलं, उतरलो, बंद केलं, संध्याकाळी परतीच्या लोकलमध्ये बुकमार्क उघडला की त्याच आलापावरून पुढे.

पण घरात सगळ्यात जास्त वापर झाला तो गाण्याचा स्वर वरखाली करणाऱ्या पिच स्क्रीनचा आणि हे मला आधी सुचलंही नव्हतं. बायको गाणं शिकते, तिची पट्टी काळी चार. तिच्या बाईंच्या जुन्या तानपुऱ्याचं एक सुंदर रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे पण ते पांढरी पाचमध्ये. (तानपुऱ्याची ॲपं ढीगभर आहेत, मान्य, पण तिला हाच आवाज हवा असतो.) गाणं चालू असताना मधलं बटण दाबून धरायचं, मेनूतून पिच उघडायचं, अर्ध्या स्वराने वर, झालं, तानपुरा काळी चारमध्ये. टाइमस्ट्रेच नावाची सेटिंग चालू करून एकदा रीस्टार्ट केलं की स्वर तोच ठेवून वेगही कमी करता येतो, म्हणजे क्लासमधली तान सत्तर टक्क्यांवर आणून ऐकायची, जागा कुठे घेतलीये ते कळतं, मग हळूहळू शंभरवर. मॅन्युअलमध्येच लिहिलंय की ही सोय मुळात बोलण्यासाठी आहे, आणि खरंच तबला जरा चिरकतो, एकट्या गळ्याला मात्र चालून जातं. परिणाम असा की प्लेअर माझा आणि सकाळी सातपर्यंत तो माझ्या हाती लागत नाही.

बाकी इक्वलायझर, क्रॉसफीड (एका कानातला आवाज थोडा दुसऱ्या कानात मिसळणं) वगैरे आहे. जुन्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये तबला एका कानात आणि पेटी दुसऱ्या कानात कोंबलेली असते तिथे क्रॉसफीड लावलं की ऐकणं सुसह्य होतं. लोकलमध्ये अनाउन्समेंटसाठी एक कान मोकळा ठेवायचा तर मोनो करून टाका. डूम हा जुना गोळीबाराचा गेमसुद्धा आहे, चाकावर खेळून बघितला, परत खेळणार नाही.

तोटे. देवनागरी हा मोठा. युनिफॉन्ट हा बहुभाषी फॉन्ट निवडला की अक्षरं दिसतात, पण जोडाक्षरं जुळत नाहीत, 'विठ्ठल' मधला ठ्ठ पाय मोडून सुटा दिसतो आणि पहिली वेलांटी व च्या आधी यायची ती नंतर येते. मी फोल्डरांची नावं शेवटी रोमनमध्ये केली. ब्लूटूथ नाही. ओल्या बोटांना चाक दाद देत नाही, जुलैमध्ये हे फार जाणवतं. आणि तीस पिनची केबल आता कोणाच्याच घरात सापडत नाही, दोन घेऊन ठेवा.

लॅपटॉपकडे वळतो. सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, व्यवस्थित चालणारा, पण विंडोज ११ ला अधिकृतपणे आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. धडधाकट मशीन भंगारात काय म्हणून द्यायचं? मिंट २२ टाकलं, सिनॅमन डेस्कटॉपवालं, २०२९ पर्यंत अपडेट मिळतात. आयपॉड जोडला की पेनड्राइव्हसारखा दिसतो, निमो (मिंटचा फाइल मॅनेजर) उघडायचा आणि फोल्डर ओढून टाकायचा, मधे कोणी लायब्ररी सिंक करू का म्हणून विचारत नाही. हे मला इतकं आवडतं की त्याच्यासाठी बाकी कटकटी माफ. सीडी रिप करायला असंडर, कॅसेटला ऑडॅसिटी. मराठी टायपिंगला आयबस आणि एम१७एन ही पॅकेजं टाकली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. कटकटी आहेतच: वायफायचा ड्रायव्हर सुरुवातीला केबल लावून उतरवावा लागला, एका सरकारी पोर्टलची डिजिटल सही फक्त विंडोजवर चालते म्हणून त्या कामाला भावाच्या घरी जावं लागतं, आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली जुनी मराठी पत्रं लिबरऑफिसमध्ये उघडली की नुसती चिन्हं (फॉन्ट नसेल तर विंडोजवरही तेच होणार, तो दोष मिंटचा नाही).

ब्राउझरबद्दल थोडक्यात. मिंटमध्ये फायरफॉक्स नेहमीच्या डेब पॅकेजमधून येतो, उबुंटूसारखा (दुसरं लिनक्स) स्नॅप या बंदिस्त पॅकेजमधून नाही, त्यामुळे जुन्या मशीनवरही पटकन उघडतो. क्रोमने एक्स्टेन्शनची जुनी पद्धत (मॅनिफेस्ट व्ही२) बंद केल्यावर जाहिराती अडवणारं पूर्ण यूब्लॉक ओरिजिन तिथे राहिलं नाही, फायरफॉक्सवर आहे, आणि ८ जीबी रॅमच्या मशीनवर बातम्यांच्या साइट उघडून बघा म्हणजे हा तात्त्विक वाद नाही ते कळेल. उभे टॅब (बाजूला एकाखाली एक) फायरफॉक्सच्या १३६ व्या आवृत्तीत मार्च २०२५ मध्ये आले, मला ते लागतातच. मोझिलाचा बराचसा पैसा गूगलच्याच सर्च करारातून येतो ही विचित्र गोष्ट आहे, पण पर्याय कोणता? काही साइट क्रोमच हवा म्हणून अडून बसतात, तेवढ्यापुरतं क्रोमियम ठेवलंय.

कोणी घ्यायला निघालंच असेल तर दुकानात उभं राहून दोन गोष्टी तपासा. इयरफोन लावून पिन गोल फिरवा, एका बाजूचा आवाज गेला तर जॅक गेलेला आहे. मग होल्ड पुढेमागे करून बघा, कारण जॅक आणि होल्डचं बटण एकाच पट्टीवर असतं आणि पाठ उघडल्याशिवाय ती बदलता येत नाही. बॅटरी जुनी असणारच हे धरून चाला आणि पाठ उघडलीच आहे तर कार्ड, बॅटरी, पट्टी एकाच वेळी करून घ्या, कारण ती स्टीलची पाठ दरवेळी थोडी वाकते आणि मग नीट बसत नाही.