तिकिटांचं ‘संवर्धन’ करून देतो म्हणणाऱ्यांना अल्बम देऊ नका

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात घरच्याच दोन खोल्यांत मी टपाल संग्रहालय चालवतो. गावातलं संग्रहालय, शाळा, वाचनालय हेरूनच हे लोक येतात, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

नागपूरहून आलेल्या गृहस्थांकडे ओळखपत्र होतं, प्रदर्शनांतले फोटो होते. पावसाळ्यात आमच्याकडे तिकिटं पानाला चिकटतात, उन्हाळ्यात डिंक तडकतो, वर कसर लागते. नेमकी हीच दुखरी नस त्यांनी धरली. साफसफाई, आम्लमुक्त पानं, प्रत्येक तिकिटाला वेगळं पाकीट, सगळ्याचे ₹6,000. मग ‘तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आणि विमा’ म्हणून ₹12,500. एकूण ₹18,500 गेले, तेही भलत्याच नावाच्या खात्यात. माणसाचं नाव एक आणि खात्याचं दुसरं असेल तर तिथेच थांबा.

संशय यायची जागा त्याआधीच होती. अल्बम हातात घेतल्यावर या ‘तज्ज्ञांनी’ बोटाला थुंकी लावून पान उलटलं आणि 1948 चं दहा रुपयांचं गांधी तिकीट अंगठ्याने दाबून पाहिलं. चिमटा त्यांच्या खिशाला लावलेला होता, पण तो काढलाच नाही! तिकिटावर प्रेम करणारा माणूस उघड्या बोटाने तिकीट धरत नाही, हे आमच्याकडे येणारी सातवीची पोरंसुद्धा सांगतील. मी ते डोळ्यांनी पाहिलं आणि पाहुण्याला कसं टोकायचं म्हणून गप्प बसलो. पण मी तरी काय करणार? इतकी वर्षं मदतीचे अर्ज करतोय, एकानेही दार वाजवलं नाही. पहिल्यांदा कुणीतरी ‘मी सांभाळून देतो’ म्हणालं होतं.

अल्बम परत आला, पानं चकाचक. गांधीजींची चारही तिकिटं, 21 नोव्हेंबर 1947 चं ‘जय हिंद’चं झेंड्याचं तिकीट, सगळं जागच्या जागी. भिंग लावलं तर दहा रुपयांच्या तिकिटात निळे, गुलाबी, पिवळे ठिपके. मूळ तिकीट स्वित्झर्लंडमध्ये फक्त दोन रंगांत छापलेलं, त्यात पिवळा ठिपका येईल कुठून? आणि मागे बाबांनी पेन्सिलीने घातलेला क्रमांक गायब. म्हणजे अस्सल काढून घेऊन नक्कल ठेवलेली.

सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं ते 1938 चं पोस्टकार्ड. त्यावर सेगावचा शिक्का होता. शेगाव आणि सेगावच्या टपालाचा घोळ व्हायचा म्हणून 1940 मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं. तो घोळ ज्या शिक्क्यात दिसतो, ते कार्ड बाजारातून पुन्हा मिळणार नाही. आता तिथे झेरॉक्ससारखा गुळगुळीत कागद आहे.

ठाण्यात गेलो तर साहेबांचा पहिला प्रश्न, ‘‘तिकिटं कितीची होती जी?’’ मी गांधीजींच्या चार तिकिटांची छापील किंमत सांगितली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. त्यांनी बेरीज करून नुकसान लिहिलं अकरा रुपये एक आणा! दहा रुपयांचं ते एक तिकीट आज हजारोंत विकतात, हे सांगितलं तर म्हणाले, ‘‘काहून एवढी किंमत? बिल आणा.’’ 1948 च्या पोस्टातल्या खिडकीचं बिल कोण ठेवतं? पैशांचं विचारलं तर ‘तुम्ही स्वतःच पाठवले ना.’ टपाल कार्यालयात गेलो, तर वापरातून गेलेली तिकिटं त्यांच्या कामात बसत नाहीत. म्हणजे चोरीचा माल नक्की कुणाच्या कामात बसतो?

पैसे गेल्या गेल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, मी उशीर केला. ठाण्याने तक्रार घेतली नाही तर ती लेखी करून पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, कायद्याने तो हक्क आहे. मी पाठवली आहे, पोच माझ्याकडे आहे. अल्बम दाराबाहेर काढू नका, काम करायचं असेल तर समोर बसून करू द्या. आणि देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. माझ्याकडे फक्त पुढच्या बाजूचे आहेत आणि ओळख सगळी मागेच होती.

कुणाला विकत घेताना गांधी तिकिटामागे ‘व’ आणि पुढे आकडा असा बारीक पेन्सिलीचा क्रमांक दिसला, तर व्यवहार थांबवा आणि मला कळवा.