शाळा, अकॅडमी, क्लब की नोकरी? खेळणं थांबवणाऱ्या फुटबॉलपटूसाठी कोचिंगच्या वाटांची तुलना

मुंबईत खेळणं थांबवत आलेल्या फुटबॉलपटूला कोचिंगची पहिली ऑफर बहुधा ओळखीतून येते. कोणाच्या शाळेत जागा असते, कोणाच्या टर्फवर संध्याकाळची बॅच रिकामी असते. पहिली आली ती ऑफर घेतली जाते आणि पाच वर्षांनी लक्षात येतं की माणूस अजून नऊ वर्षांच्या मुलांना रांगेत उभं करून शूटिंगच घेतोय. म्हणून शाळा, स्वतःची अकॅडमी, क्लबचा युवा संघ आणि खात्यातली नोकरी सांभाळून केलेलं कोचिंग या वाटा इथे शेजारीशेजारी ठेवल्या आहेत. पैसा महत्त्वाचा आहेच. पण ऑफर जोखताना पहिला प्रश्न असा हवा: एकच संघ पूर्ण हंगाम तुमच्याकडे राहणार आहे का, आणि त्याला नियमित सामने मिळणार आहेत का? मंगळवारी शिकवलेलं रविवारी मैदानात दिसलं की नाही, यावरूनच कोच घडतो.

लायसन्स आधी

वाट कुठलीही धरा, एआयएफएफच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, कोचिंग लायसन्सचा ई आणि डी या पायऱ्या, मग सी, बी, ए आणि शेवटी प्रो हा क्रम चुकत नाही. आयएसएलमध्ये, म्हणजे देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये, मुख्य प्रशिक्षक व्हायचं तर प्रो लागतं. डीचा कोर्स सहा दिवसांचा असतो. खेळत असतानाच, हंगाम संपल्यावर तो उरकून घ्यावा. पुढचे कोर्स टप्प्याटप्प्याने होतात. मधल्या काळात आपल्या संघावर काम करायचं आणि शेवटी परीक्षकांसमोर सराव घेऊन दाखवायचा. म्हणजे हातात संघ नसला की पुढची गाडी अडते.

माजी खेळाडू इथे अडखळतात ते एकाच कारणाने. पास स्वतः मारून दाखवतात तो देखणा असतो, पण मुलाचा पास का चुकला हे त्यांना दिसत नाही. चेंडू घेण्याआधी त्याने मागे वळून पाहिलं नव्हतं का? शरीर बंद होतं का, म्हणजे पुढच्या मैदानाकडे पाठ होती का? आधाराचा पाय चेंडूपासून लांब पडला का? खेळ नेमक्या क्षणी थांबवायचा, एकच चूक दुरुस्त करायची, तोच प्रसंग पुन्हा खेळवायचा आणि लगेच खेळ सोडून द्यायचा, हे जमायला वेळ लागतो. दोन मिनिटं भाषण झालं की मुलांचे पाय थंड पडतात.

सरकारी क्रीडा खात्यात किंवा साईमध्ये, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणात, प्रशिक्षक व्हायचं असेल तर हिशोब वेगळा. तिथे पटियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या, म्हणजे एनआयएसच्या डिप्लोमाला वजन आहे. क्लब मात्र लायसन्स विचारतात. दोन्ही दारं उघडी ठेवायची असतील तर वेळेची आखणी आधीच करावी.

शाळा

शाळेची मोठी जमेची बाजू म्हणजे मुलं शोधावी लागत नाहीत. मुंबई शालेय क्रीडा संघटनेच्या, सगळे जिला एमएसएसए म्हणतात तिच्या, स्पर्धांमुळे सामनेही मिळतात. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या स्पर्धांमधून सुब्रतो कप या शाळांच्या राष्ट्रीय स्पर्धेपर्यंतची वाट आहे. पण त्या बाद पद्धतीच्या असल्या तर जुलैत एक सामना हरला की वर्षाची तयारी तिथेच संपते.

शाळेत कायम व्हायचं तर बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, लागते. नुसत्या लायसन्सवर बहुतेकदा कंत्राट मिळतं आणि ते पुष्कळ ठिकाणी दहा महिन्यांचं असतं. मे महिन्यात पगार नाही, हे सही करण्याआधी विचारून घ्या. पीटीचा तास आणि संघाचा सराव यांतही गल्लत नको. पस्तीस मिनिटांत पन्नास मुलं खेळवणं म्हणजे गर्दी सांभाळणं. शाळेच्या वेळेआधी किंवा नंतर संघासाठी आठवड्याला किमान तीन सत्रं वेगळी मिळत असतील तरच ही जागा कोचिंगची आहे असं समजा.

स्वतःची अकॅडमी

सर्वांत जास्त मोह या वाटेचा, आणि सर्वांत जास्त माणसं फसतात तीही हीच. कागदावर आकडे मांडून बघा. समजा २४ मुलं, महिना २,५०० रुपये फी, म्हणजे ६०,००० जमा. आठवड्याला तीन दिवस दीड तास, म्हणजे महिन्याला १८ तास. अर्ध्या टर्फला तासाला १,५०० धरले तर भाडं २७,०००. सहायकाला १०,०००, बॉल, बिब्ज आणि स्पर्धांच्या प्रवेश फीला ३,०००. हातात उरले २०,०००. आता फेब्रुवारी उजाडतो, परीक्षा येतात आणि २४ची १४ होतात. जमा ३५,०००, खर्च तेच ४०,०००. मे महिन्यात अर्धी मुलं गावी. पावसाळ्याआधी सुरू केलेल्या कितीतरी बॅचेस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकत नाहीत, त्याचं कारण कोचचं फुटबॉल कच्चं असतं हे नाही. टर्फचं भाडं बारा महिन्यांचं आणि फी नऊ महिन्यांची, हे गणित त्याने मांडलेलं नसतं. तिमाही फी आगाऊ घ्या आणि परीक्षेच्या महिन्यांत टर्फचे तास कमी करण्याची मुभा करारातच लिहून घ्या.

तग धरायला दुसरी, तिसरी बॅच लागते. मग तुम्ही फी मागत, पालकांच्या मेसेजना उत्तरं देत आणि सहायकांच्या सुट्ट्या जुळवत बसता. तो एक चांगला धंदा होऊ शकतो, त्यात कमीपणा काही नाही. पण तो धंदा आहे हे ओळखून त्यात उतरावं. शिवाय सामने? फाइव्ह-अ-साइडच्या एकदिवसीय स्पर्धांपलीकडे काही मिळवायचं तर नोंदणीकृत क्लब लागतो.

तरी अकॅडमीच काढायची असेल तर सरावाची रचना तरी नीट ठेवा. वीस मुलं एका रांगेत आणि गोलवर एकेक शॉट, यात एका मुलाची पाळी येईपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. दहा मिनिटांत त्याचा पाय चेंडूला चार-पाच वेळा लागतो. त्याच वीस मुलांचे चार गट करा, प्रत्येक गटाला साधारण ८ बाय ८ मीटरचा चौकोन आणि एक चेंडू द्या, चार जण बाहेर, एक मध्ये. तेवढ्याच वेळात प्रत्येकाचे कितीतरी पटींनी जास्त स्पर्श होतात आणि प्रत्येक स्पर्शावर दबाव असतो. तुम्ही चौकोनाबाहेर, चारही गट दिसतील अशा जागी उभे राहा. आत शिरून स्वतः खेळू नका. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना चार नंबरचा बॉल द्या. पाच नंबरचा दिला की लांब पास पोचवायला मुलं बुटाच्या टोकाने टोच मारायला लागतात आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही.

क्लबचा युवा संघ

आमचा कौल या वाटेला. पगार सुरुवातीला चालत्या अकॅडमीपेक्षा कमी असू शकतो. पण १३, १५ किंवा १७ वर्षांखालचा एक संघ हंगामभर मिळतो, लीगचे सामने असतात आणि चूक दाखवणारा अनुभवी माणूस डोक्यावर असतो. सामन्याचा व्हिडिओ बघून 'तू २०व्या मिनिटाला रचना का बदललीस?' असं विचारणारं कोणी शाळेत किंवा टर्फवर भेटत नाही.

धोका एकच, पण मोठा: मुंबईत क्लब बंद पडतात. २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१०मध्ये बंद झाला. मुंबई एफसी २०१७मध्ये आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून खाली गेला आणि मग संपला. २०२५मध्ये तर आयएसएलच वेळेवर सुरू झाली नाही आणि देशभरच्या क्लबांचे कर्मचारी टांगणीला लागले. म्हणून करार एका वर्षाचा असेल तर सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा.

खालिद जमील यांचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच देतात. मुंबई एफसीमध्ये खेळून २००९मध्ये ते तिथेच थेट मुख्य प्रशिक्षक झाले, २०१७मध्ये मिझोरामच्या ऐझॉल क्लबला आय-लीग जिंकून दिली आणि ऑगस्ट २०२५मध्ये राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. मधली सात वर्षं मात्र वगळली जातात. कमी बजेटच्या एकाच क्लबमध्ये २०१६पर्यंत राहून, दर हंगामात संघ खाली घसरू न देण्याचं काम त्यांनी केलं. ऐझॉलच्या विजेतेपदाची तयारी तिथे झाली होती.

सीनियर संघात सहायक म्हणून थेट जाणं दिसायला मोठं, पण मुख्य प्रशिक्षकाला काढलं की बहुतेकदा सहायकही जातो. गोलरक्षकांसाठी मात्र चित्र बरं आहे. त्यांचे कोर्स वेगळे असतात आणि चांगले गोलकीपर कोच मोजकेच, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी काम विभागून करता येतं.

नोकरी आणि संध्याकाळचं कोचिंग

रेल्वे, बँक किंवा कुठल्या खात्यात खेळाडू म्हणून लागला असाल तर ती नोकरी कोचिंगसाठी सोडू नका. लोकांना ही वाट दुय्यम वाटते, पण वरच्या निकषावर ती शाळेपेक्षा सरस ठरते. मुंबई फुटबॉल असोसिएशनच्या लीगमधला खालच्या डिव्हिजनचा संघ घ्या: एकच संघ, ठरलेले सामने आणि प्रौढ खेळाडू. अडचण हजेरीची. कोणाची शिफ्ट, कोणाची लोकल चुकलेली, सरावाला सोळापैकी नऊ. तेव्हा सराव नऊ जणांचाच आखा, सहा विरुद्ध तीन असा, आणि सेट पीसची, म्हणजे कॉर्नर, फ्री किकसारख्या थांबलेल्या चेंडूंची, उजळणी सामन्याच्या दिवशी वॉर्मअपआधी दहा मिनिटं घ्या.

कुठल्याही ऑफरला हो म्हणण्याआधी या गोष्टी लेखी मागा: हंगामात किती सामने, मैदानाचे कोणते तास फक्त आपल्या संघाचे, संघ कोण निवडणार, लायसन्स कोर्सला रजा मिळणार का आणि त्याची फी कोण भरणार. संघनिवड पालक किंवा ट्रस्टी करणार असतील तर पगार कितीही असो, नाही म्हणा.