आईसाठी घेतलेला ‘६४ मेगापिक्सेल’ कॅमेरा

खोक्यावर छापलंय: ४के, ६४ मेगापिक्सेल, १६एक्स झूम, ऑटोफोकस, अँटीशेक, वर ६४ जीबीचं कार्ड फुकट. ऑनलाइन भाव ६,४९९ रुपये आणि शेजारी खोडलेली एमआरपी १८,९९९. आई चारधामला निघालीय, फोनची बॅटरी फोन करायला राहू दे, फोटोंसाठी हलकं काहीतरी वेगळं असावं, या हिशेबाने मुलाने तो मागवला आणि वाढदिवसापर्यंत कपाटात ठेवला. आई केदारनाथहून परतली तेव्हा कार्डावर फोटोंची यादी पूर्ण होती, पण सुरुवातीचे बरेच फोटो उघडतच नव्हते. उघडले त्यांत माणसांचे चेहरे मेणाचे असावेत तसे. परत करायची ७ दिवसांची मुदत तर खोकं फोडण्याआधीच उलटली होती.

या एका खोक्यात तीन वेगवेगळ्या लबाड्या आहेत, आणि तिन्ही घरबसल्या पकडता येतात.

पहिली मेगापिक्सेलची. असल्या बिननावाच्या कॅमेऱ्यांत बहुधा स्वस्त फोनमधला ५, ८ किंवा १३ मेगापिक्सेलचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, असतो. आतलं सॉफ्टवेअर प्रत्येक पिक्सेलच्या आजूबाजूला अंदाजाने नवे पिक्सेल भरतं आणि ९२१६ × ६९१२ ची फाईल तयार करतं. आकडा ६४ चा होतो, पण सेन्सर ८ चा असेल तर तपशील ८ चाच राहतो. तपासायचं असेल तर उजेडात वर्तमानपत्राचं पान भिंतीला चिकटवा, सगळं पान मावेल इतक्या अंतरावरून फोटो काढा आणि संगणकावर १०० टक्क्यांवर बघा. मग तोच फोटो ३२६४ × २४४८ इतका लहान करून पुन्हा मोठा करा. दोन्ही सारखेच दिसले, तर मधले ५६ मेगापिक्सेल नुसती हवा होती. ‘४के’ व्हिडिओचंही असंच, बहुतेक वेळा कमी रिझोल्यूशनचं चित्र ताणून ३८४० × २१६० केलेलं.

दुसरी लबाडी झूमची, आणि लोक सगळ्यात जास्त हिलाच भुलतात. १६एक्स ‘डिजिटल’ झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करणं. रुंदीचा सोळावा भाग आणि उंचीचा सोळावा भाग, म्हणजे क्षेत्रफळाचा २५६ वा हिस्सा. ८ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर उरतात २०४ × १५३ पिक्सेल. देवळाचा कळस जवळ आणायला आईने झूम दाबला की कॅमेऱ्याकडे खरी माहिती एवढीच.

खऱ्या, म्हणजे लेन्स हलवून होणाऱ्या ‘ऑप्टिकल’ झूमची ओळख लेन्सच्या पुढच्या कड्यावर छापलेली असते. कॅननच्या आयएक्सयूएस २८५ एचएसवर ४.५-५४.० एमएम असं लिहिलेलं आहे. ५४ ला ४.५ ने भागा, १२ येतात, म्हणून तो १२एक्स ऑप्टिकल. सोनीच्या डब्ल्यू८३० वर ४.६-३६.८, म्हणजे ८एक्स. जिथे मिलिमीटरचा एकच आकडा आहे किंवा नुसतं ‘एचडी लेन्स’ लिहिलंय, तिथे झूम नाही. मग बाहेर कितीही जाडजूड नळी दिसो. ती शोभेची असते आणि झूम दाबल्यावर तसूभर हलत नाही. सोबत मिळणारी फिरकीची ‘वाइड अँगल’ काच ही वरून लावायची टोपी आहे, तिने कडा आणखी धूसर होतात.

फ्लॅशकडेही बघा. खऱ्या फ्लॅशमध्ये झेनॉनची नळी असते, ती क्षणभर लख्ख चमकते आणि पुन्हा चार्ज व्हायला काही सेकंद घेते. या डब्यांत बहुधा पिवळट ठिपक्याचा एलईडी असतो, फोनच्या टॉर्चसारखा. आरतीच्या वेळी हललेले हात तो गोठवू शकत नाही.

तिसरी लबाडी कार्डाची, आणि नुकसान हीच जास्त करते, कारण वाईट फोटो निदान फोटो तरी असतात. ६४ जीबी छापलेल्या कार्डात प्रत्यक्ष मेमरी ८ जीबीची, पण आतली कंट्रोलर चिप ६४ सांगायला शिकवलेली. ८ जीबी भरेपर्यंत सगळं ठीक चालतं. पुढे काही कार्डं नवे फोटो जुन्यांच्या जागेवर लिहितात, तर काही नवे फोटो नुसते गिळून टाकतात. यादी आणि नावं शाबूत, फाईल उघडली की राखाडी पट्टे. संगणकात घातल्यावर दिसणाऱ्या ‘५९ जीबी’वर अजिबात भरवसा ठेवू नका, ६४ चं खरं कार्डही साधारण तेवढंच दाखवतं आणि खोटंही. उपाय एकच: कार्ड काठोकाठ भरून परत वाचणं. त्यासाठी विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ३, दोन्ही प्रोग्राम फुकट. सेकंदाला १० एमबीच्या वेगाने ६४ जीबी भरायला पावणेदोन तास लागतात, वाचायला वेगळा वेळ. रात्री लावून झोपा. आणि कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेलं कार्ड प्रवासाला कधीच देऊ नका.

हे डबे खपतात कारण जागा रिकामी आहे. सीपा या जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेच्या आकड्यांनुसार लेन्स बदलता न येणारे छोटे कॅमेरे २०१० मध्ये जगभर सुमारे १०.९ कोटी रवाना झाले, २०२३ मध्ये सुमारे १७ लाख. फोनने तो धंदा खाल्ला, मोठ्या कंपन्यांनी स्वस्त मॉडेलं बंद केली. आता ६ हजारांत नवा, खऱ्या झूमचा, नावाजलेल्या कंपनीचा कॅमेरा हे गणित बसत नाही. त्या भावात तसं कुणी देतंय म्हटलं की थांबायचं. खालच्या टोकाला कोडॅक पिक्सप्रो एफझेड५५ सारखा कॅमेरा आहे: कोडॅक हे नाव परवान्यावर वापरलेलं, पण सेन्सर १६ मेगापिक्सेलचा म्हणून १६ चाच आणि झूम ५एक्स ऑप्टिकल. मी तर म्हणेन, तेवढंही बजेट नसेल तर आईला पॉवर बँक द्या.

जुना घ्यायचा असेल तर तो हातात घेऊनच. दहा वेळा चालू-बंद करा. लेन्स अडकत बाहेर आली किंवा खरखर केली तर नळीत वाळू आहे, आणि दुरुस्ती कॅमेऱ्याच्या किमतीएवढी पडते. कोकणातला किंवा मुंबईतला असेल तर टॉर्च तिरका धरून काचेत बुरशीचे तंतू बघा.

नवीन घेताना खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, वस्तू बनवल्याचा महिना आणि वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा नंबर असलाच पाहिजे. बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, ‘आर-’ने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाका, कंपनी आणि वस्तू जुळते का ते कळतं. बिलावरचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा; पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. रिव्ह्यू बघताना सगळ्यात जुने आधी उघडा. कॅमेऱ्याच्या पानावर २ वर्षांपूर्वी कुणी मोबाइल कव्हरचं कौतुक केलेलं सापडलं, तर ते पान दुसऱ्याच वस्तूचं होतं आणि चांदण्या उसन्या आहेत.

भेटवस्तू असली तरी आल्या दिवशी खोकं फोडा. फोडतानाचा अखंड व्हिडिओ काढा, पार्सलवरचं लेबल दिसेल असा. मुदत डिलिव्हरीपासून मोजतात, वाढदिवसापासून नाही. ‘रिटर्न’ आणि ‘रिप्लेसमेंट’ यातला फरक मागवण्याआधीच वाचून ठेवा. रिप्लेसमेंटमध्ये तसलाच दुसरा डबा येतो.

मुदत टळली म्हणून विक्रेता हात वर करत असेल तर ऐकून घेऊ नका. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. तिथे दाद लागली नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि त्यापुढे आपल्याच जिल्ह्याचा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, तक्रार दाखल करायची मुदत २ वर्षांची. साइटच खोटी निघाली किंवा पैसे घेऊन पार्सल आलंच नाही, तर मात्र तो सायबर गुन्हा, १९३० लावा, जितका लवकर तितकं बरं.

तक्रारीला बिल, जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट, खोकं फोडतानाचा व्हिडिओ, वर्तमानपत्राचा तो फोटो आणि कार्ड तपासणीचा निकाल जोडा. स्क्रीनशॉट ऑर्डर देतानाच काढून ठेवा, कारण तक्रार गेली की ते पान बऱ्याचदा बदललेलं असतं.