आठ भागांची मेंदूची प्रतिकृती: चार महिन्यांच्या वापरानंतर

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना जीवशास्त्र शिकवताना चेतासंस्थेचे प्रकरण आले की फळ्यावरची आकृती तोकडी पडते, हा माझा जुनाच अनुभव आहे. म्हणून या जूनमध्ये पदरचे ४,५०० रुपये घालून मी मेंदूची आठ भागांत सुटी होणारी प्लॅस्टिकची प्रतिकृती मागवली. तिच्यासोबत चेतापेशीचा एक उठावाचा तक्ता आणि मेंदूच्या अभ्यासाचा इतिहास सांगणारी २४ पानांची मराठी पुस्तिका येते. तिन्ही वस्तू मी चार महिने वर्गात वापरल्या आहेत, आणि तिन्हींबद्दलचे माझे मत वेगवेगळे आहे.

प्रतिकृतीची घडण उत्तम आहे. डावा आणि उजवा अर्ध वेगळा केला की प्रत्येक अर्धाचे पुन्हा चार भाग होतात: कपाळाकडचा व माथ्याकडचा खंड मिळून एक, कानशिलाकडचा व पाठीमागचा खंड मिळून दुसरा, मस्तिष्कस्तंभाचा (मेंदूला पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाचा) अर्धा भाग आणि अनुमस्तिष्काचा (मागच्या लहान मेंदूचा) अर्धा भाग. यांपैकी कानशिलाकडचा तुकडा अलगद ओढून काढण्यात खरी गंमत आहे, कारण त्याखाली एरवी बाहेरून मुळीच न दिसणारा इन्सुला नावाचा खंड उघडा पडतो आणि कानशिलाकडच्या खंडाच्या वरच्या काठाची सिल्व्हियसची खाच म्हणजे पृष्ठभागावरची नुसती रेघ नसून आत शिरलेली खोल दरी आहे, हे विद्यार्थ्यांच्या बोटांना कळते. अनुमस्तिष्काच्या छेदावर पांढऱ्या तंतूंची झाडासारखी फांद्याफांद्यांची नक्षीही नेटकी कोरलेली आहे. एवढ्याशा भागात मेंदूतील सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी बहुसंख्य, म्हणजे जवळजवळ ६९ अब्ज, दाटीवाटीने असतात हे सांगण्यासाठी हाच तुकडा मी सर्वाधिक वेळा हातात घेतला आहे.

रंगांबद्दल मात्र तक्रार आहे. प्रत्येक खंड वेगळ्या भडक रंगात रंगवल्यामुळे पहिल्याच तासाला एका मुलीने विचारले, “मॅडम, खऱ्या मेंदूवर पण अशा रेषा आखलेल्या असतात का?” प्रश्न अगदी रास्त होता. डाव्या अर्धावर, कपाळाकडच्या खंडाच्या खालच्या बाजूस, कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका आहे आणि त्यावर ‘ब्रोकाचे क्षेत्र’ असे नाव आहे. बोलण्याशी निगडित असलेले हे क्षेत्र बहुतेकांत डावीकडेच असते; ते केवळ डावीकडे दाखवले, हे उत्पादकाचे कौतुकच. परंतु १८६१ मध्ये पॅरिसमध्ये शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी ज्या लबोर्न्य नावाच्या रुग्णाचा मेंदू तपासला, त्याला समजत बरेच असूनही ‘टॅन’ याखेरीज जवळजवळ काहीच बोलता येत नसे आणि त्याच्या मेंदूतील इजा टिकलीएवढी नव्हती. ब्रोकांनी तो मेंदू न चिरता संग्रहालयात जपून ठेवला; २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमआरआय तपासणीत ती इजा पृष्ठभागावरून दिसते त्याहून बरीच खोलवर पसरलेली आढळली. वाचा कुठे वसते या वादाला ज्या मेंदूने तोंड फोडले, त्याची अशी गोल, काठोकाठ भरलेली टिकली करणे मला पटत नाही. कडा पुसट ठेवल्या असत्या तरी चालले असते.

मेंदूतील पोकळ्यांची उपेक्षा अधिक खटकते. मधली उभी फट आणि मस्तिष्कस्तंभामागची चौथी पोकळी व्यवस्थित कोरली आहे; दोन्ही बाजूंच्या मोठ्या पोकळ्या मात्र नुसत्या निळ्या रंगाने दाखवल्या आहेत. ज्या पोकळ्यांत चौथ्या शतकापासून विद्वानांनी कल्पना पुढे, विवेक मध्ये आणि स्मृती मागे असे मनाचे तीन दिवाणखाने थाटले, आणि ज्यांच्यापुढे भोवतालच्या मांसल भागाला शेकडो वर्षे दुय्यम मानले गेले, त्या हाताने चाचपता येऊ नयेत हे दुर्दैव आहे.

सर्वांत गंभीर चूक तळाशी आहे. मेंदू उलटा केला की मस्तिष्क-चेतांच्या, म्हणजे मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या, १२ जोड्या पिवळ्या खुंटांच्या रूपात दिसतात. ही संख्या सहजासहजी ठरलेली नाही: प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनने सात जोड्या मोजल्या, सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य टॉमस विलिस यांनी नऊ, आणि आज शिकवल्या जाणाऱ्या १२ जोड्या १७७८ मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ झ्योमरिंग यांनी मांडल्या. या बारांपैकी चौथी जोडी एकटीच मस्तिष्कस्तंभाच्या पाठीमागून निघते आणि वळसा घालून पुढे येते. उत्पादकाने ती इतर जोड्यांच्या रांगेत समोरूनच उगवलेली दाखवली आहे. परीक्षेत हमखास विचारला जाणारा मुद्दा प्रतिकृतीतच चुकीचा असेल, तर विद्यार्थी डोळ्यांवर विश्वास ठेवणार की माझ्यावर?

याच काळात मी आमच्या नेहमीच्या खाटिकाकडून बोकडाचा भेजाही आणला, आणि तुलनेसाठी ही खरेदी फार उपयोगी ठरली. ताजा भेजा खरवसापेक्षाही हळवा असतो. बोट लावले तरी खळगा पडतो. हाती घेतल्यावर मुलांना आपोआप कळले की मेंदूची रचना समजायला इतकी शतके का लागली. मद्यार्काने मेंदू घट्ट करण्याची युक्ती हाती आल्यावरच विलिस यांच्यासारख्यांना तो सावकाश तपासता आला, आणि १६६४ च्या त्यांच्या ग्रंथासाठी वास्तुविशारद क्रिस्टोफर रेन यांनी आकृत्या काढून दिल्या. फॉर्मॅलिनचा वापर तर १८९३ मध्ये सुरू झाला. प्रयोगशाळेतील फॉर्मॅलिनमध्ये दहा दिवस ठेवलेला आमचा भेजा पनीरसारखा सुरीने कापता येऊ लागला. मुंडी मधोमध चिरून आणली, तर कवटीच्या तळाशी बारीक रक्तवाहिन्यांचे जाळेही शोधता येते. गॅलेनने ते गुराढोरांत पाहिले आणि माणसातही गृहीत धरले. माणसात ते नाहीच, हे सांगायला सोळावे शतक उजाडावे लागले.

चेतापेशीचा तक्ता सुबक आहे. पेशीकाय, वृक्षिका, अक्षतंतू आणि त्यावरचे मेदाचे आवरण सहज ओळखता येते, आणि दोन पेशींच्या मध्ये फट सोडण्याचे भानही कारागिराने राखले आहे. दुर्दैवाने पुस्तिका नेमके याच फटीशी इमान राखत नाही. तिच्या अकराव्या पानावर ‘गोल्जी आणि काहाल या जोडीने चेतापेशी ही मेंदूची स्वतंत्र एकके असल्याचे सिद्ध केले’ असे वाक्य आहे. दोघांना १९०६ चे नोबेल विभागून मिळाले, एवढाच यातला जोडीचा भाग. कामिलो गोल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराने पेशी काळ्या रंगवण्याची पद्धत शोधली. त्यात मोजक्याच पेशी रंगतात आणि म्हणूनच त्या गर्दीतून उठून दिसतात. तीच पद्धत सुधारून सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८८८ पासून पेशी सुट्या असल्याचे दाखवले. गोल्जी मात्र पेशी सुट्या नसून एकमेकींत मिसळून त्यांचे सलग जाळे बनते, या मतावर अखेरपर्यंत ठाम राहिले आणि नोबेल स्वीकारतानाच्या व्याख्यानातही त्यांनी काहाल यांच्या सिद्धांतावर टीका केली. पुस्तिकेने यांची जोडी लावून देऊन तिच्यातले सर्वांत रंगतदार पान वाया घालवले आहे.

टिकाऊपणाविषयी थोडक्यात: तुकडे जोडणाऱ्या खिळ्यांपैकी मस्तिष्कस्तंभाचा खिळा तिसऱ्या आठवड्यात ढिला झाला, आता तो कागदाच्या घडीवर उभा आहे. रंग ओल्या फडक्याने पुसूनही उडाला नाही. धमन्या हव्या असल्यास नऊ भागांची महाग आवृत्ती घ्यावी लागेल. घरी एकट्याने अभ्यास करणाऱ्याने ही वस्तू घेऊ नये, असे माझे मत आहे. चुका दाखवून देणारा शिक्षक शेजारी असेल, तर आकार शिकवण्यासाठी या किमतीत ती चांगली आहे.

खिळा आणि चौथी चेता, दोन्हींबद्दल मी विक्रेत्याला सविस्तर पत्र लिहिले. खिळा कुरिअरचा खर्च घेऊन बदलून मिळेल, असे उत्तर आले; चेतेविषयी इतर कोणत्याही ग्राहकाची तक्रार नसल्याचे त्यांनी नम्रपणे कळवले आहे.